एसीचं पाणी गाडीत येतंय? आधी नळी बघा, डॅशबोर्ड नंतर

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. पाच-सहा वर्षं जुनी हॅचबॅक आहे. एसी लावून अर्धा-पाऊण तास झाला की पुढच्या डाव्या सीटसमोर पायाखाली पाणी येतं. मॅट उचलली तर खालचं कार्पेट चिंब. गाडी थंड मात्र उत्तम होते. एका गॅरेजवाल्याने ‘कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवून बदलावी लागेल’ असं सांगून मोठा आकडा दिलाय. तर कॉइल बदलायची का, घरच्या घरी काही करता येईल का, आणि काम होईपर्यंत एसी लावायचा की नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. निदान आत्ता तरी नाही. कॉइल लीक झाली की त्यातून गॅस जातो. पाणी जाणार कुठून, कॉइलच्या आत पाणी नसतंच. आत फिरतो तो गॅस आणि त्याच्यासोबत थोडं कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, ऑइल. गॅस गेला की आधी थंडावा जातो. तुमचा थंडावा जागेवर आहे, म्हणजे गॅस जागेवर आहे, म्हणजे कॉइल शाबूत आहे. ‘कॉइल लीक आहे’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, की गॅसचं प्रेशर किती आलं आणि लीक कशावरून धरलं. गेज लावलंच नसेल तर तो अंदाजाने बोलतोय.

पायाशी येतं ते हवेतलं पाणी. एसी चालला की ते बनणारच, त्यात बिघाड काही नाही. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तोच प्रकार. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. तीच हवा कॉइलवरून जाताना ५ अंशांपर्यंत उतरली तर तिच्यात ७ ग्रॅमही राहत नाही. बाकीचं कॉइलच्या पातळ पत्र्यांवर थेंब होऊन बसतं आणि खाली ओघळतं. जून-जुलैच्या मुंबई-ठाण्याच्या हवेत, बाहेरची हवा आत घेत एसी चालवला, तर तासाला लिटरभर पाणी सहज निघतं, कधी जास्तही. हे सगळं गाडीखाली पडायला हवं. सिग्नलला शेजारचा बाइकवाला काचेवर टकटक करून ‘काका, गाडीतून काहीतरी गळतंय’ म्हणतो. गळू दे. गळायचं थांबतं तेव्हा काळजी करायची. फक्त अकोला-नागपूरकडच्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं: मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तासभर एसी चालवूनही गाडीखाली जेमतेम चार थेंब पडतात, कारण हवेतच पाणी नसतं. तेवढ्यावरून हे पाणी बाहेर सोडणारी नळी चोक आहे, म्हणजे तुंबली आहे, असं धरू नका.

आता पाण्याचा रस्ता बघू. डॅशबोर्डच्या आत, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे आणि मध्यापर्यंत, प्लास्टिकचा एक मोठा डबा असतो. त्यात ब्लोअर म्हणजे हवा फेकणारा पंखा, कूलिंग कॉइल आणि हीटर ओळीने बसवलेले. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून हा संसार बहुतेक गाड्यांत डाव्या अंगाला मांडलेला असतो आणि पाणी डाव्या सीटच्या पायात येतं. (अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी डावं-उजवं उलटं वाचावं.) कॉइलखाली डब्याचा तळ उतरता करून ट्रेसारखा केलेला असतो. त्याच्या सगळ्यात खोल जागी एक तोंड, त्याला रबरी नळी किंवा कोपरा (वळलेला रबरी तुकडा, एल्बो), आणि तो फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्यातून किंवा पायाखालच्या पत्र्यातून बाहेर काढलेला. नळी जेमतेम बोटाएवढी जाड. गाडीतल्या पाण्याच्या दहा तक्रारी आल्या तर त्यातल्या बहुतेक या बोटभर रस्त्यावर सुटतात.

नळी चोक कशाने होते? मुख्य माल म्हणजे काळा, बुळबुळीत गाळ. रस्त्याची धूळ, कपड्यांचे तंतू आणि ओलीत वाढलेली बुरशी यांचा तो थर असतो. नळी पिळली की चिकट गोळा बाहेर येतो आणि त्याचा कुबट वास हाताला दिवसभर राहतो. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर त्यात कडुनिंबाच्या काड्या, आंब्याचा मोहोर, शेवग्याची फुलं सापडतात. वायपरखालच्या जाळीतून हा कचरा ब्लोअरकडे ओढला जातो. तो अडवायला एसी फिल्टर असतो, पण स्वस्तातल्या कित्येक मॉडेलांत फिल्टरची खाच असते आणि फिल्टर दिलेलाच नसतो. ग्लोव्ह बॉक्स उघडून एकदा खात्री करा. पाच-सहा वर्षं गाडी वापरणाऱ्यालाही आपल्या गाडीत फिल्टर नाही हे ठाऊक नसतं. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत कुंभारमाशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते. उंदीर तर ब्लोअरमध्येच संसार थाटतात, आणि त्यांनी आणलेल्या चिंध्या-कापूस पाण्याबरोबर ट्रेपर्यंत जातो.

आणखी एक कारण खास आपल्याकडचं आहे, गाडीखालचं अँटीरस्ट कोटिंग. पावसाळ्याआधी लोक हौसेने करून घेतात. फवारा मारणाऱ्या पोऱ्याने नळीच्या तोंडावर आधी कागद किंवा टेप लावायला हवी, तो लावत नाही. काळा थर नळीच्या तोंडावर बसतो आणि वाळून टोपण तयार होतं. अशी एक गाडी रॅम्पवर घेतली होती. खालून बघताना नळी दिसेचना, सगळं एकजीव काळं. बोटाने चाचपून फुगवटा शोधला, ब्लेडने चीर दिली आणि बादली सरकवायच्या आत थंडगार, गढूळ पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. त्या मालकालाही आधी कॉइलच सांगितली होती. तुम्ही अलीकडे कोटिंग करून घेतलं असेल तर तपासाची सुरुवात इथूनच करा.

चोक नसून नळी निसटलेली असू शकते. कॉइल साफ करताना, हीटरचं काम करताना, गिअरबॉक्स उतरवताना धक्का लागतो, नळी तोंडावरून सरकते आणि पाणी सरळ पायात. दोन्हींत फरक ओळखता येतो. नळी निसटली असेल तर एसी लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सावकाश, सतत ठिबकतं. चोक असेल तर आधी ट्रे भरावा लागतो, म्हणून पहिला अर्धा तास काही नाही, आणि मग एखाद्या ब्रेकला किंवा वळणावर एकदम अर्धा पेला पाणी सांडतं. वळताना डॅशबोर्डच्या आतून खळखळ ऐकू येते. ट्रे फारच भरला तर समोरच्या जाळीतून तोंडावर तुषार येतात. तुमचा ‘अर्धा-पाऊण तास’ चोककडे बोट दाखवतोय.

तरी खात्री करा. कोरड्या दिवशी गाडी सपाटीवर उभी करा, डावीकडची मॅट काढा, कार्पेट शक्य तितकं टिपून घ्या आणि त्यावर वर्तमानपत्र पसरा. इंजिन चालू, एसी पूर्ण थंडवर, ब्लोअर मधल्या वेगावर. पाऊण तास थांबा, पण बंद गॅरेजात नव्हे, उघड्यावर. सायलेन्सरचा धूर जीव घेतो. मग खाली वाकून बघा. पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, आतल्या बाजूला, साधारण फायरवॉलच्या रेषेत थेंब पडायला हवेत. ठाण्याच्या हवेत खाली ठणठणीत कोरडं आणि आत कागद ओला, तर विषय संपला. खाली व्यवस्थित धार लागली आहे आणि तरी आत ओलं होतंय, तर शोध दुसरीकडे घ्यावा लागेल.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर आधी ते पाणीच आहे ना हे बघा. दोन बोटांत चोळा. चिकट लागलं, हिरवट-गुलाबी रंग दिसला, गोडसर वास आला, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे आणि ते जिच्यातून फिरतं ती हीटरची कॉइल किंवा तिचे होस गळतायत. अशा वेळी पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि बोनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरत जाते. चाखून बघायचा मोह आवरा, ते विषारी असतं. आणि हे दुखणं अंगावर काढू नका, कूलंट संपलं की इंजिन तापतं.

पावसाळ्यात आणखी गोंधळ होतो, कारण बाहेरचं पाणीही त्याच कोपऱ्यात येतं. वायपरखालच्या खाचेत पाला साचून तिचे निचऱ्याचे मार्ग बुजले की पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत उतरतं. दाराच्या पॅडमागचं प्लास्टिक सुटलं असेल, दाराच्या तळाची भोकं बुजली असतील, सनरूफच्या नळ्या तुंबल्या असतील, तरी पायातच पाणी. परीक्षा सोपी आहे: एसी बंद ठेवून पुढच्या काचेच्या पायथ्याशी दहा मिनिटं पाइपने पाणी सोडा. आत आलं तर एसीचा त्यात काही दोष नाही.

एक प्रकार मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, तो म्हणजे कॉइलवर बर्फ धरणं. लांबच्या प्रवासात तासाभराने हवेचा जोर कमी-कमी होत जातो, ब्लोअर चारवर घरघरतोय पण जाळीतून फुंकरच येते. एसी बंद करून चहाला थांबलात, परत आलात की जोर पूर्ववत, आणि पायात तळं. चहा होईस्तोवर बर्फ वितळतो आणि एवढं पाणी एकदम आलं की अर्धवट गाळ धरलेली नळी ते पेलू शकत नाही. बर्फ धरण्याची कारणं तीन. फिल्टर किंवा कॉइल धुळीने बंद, म्हणून हवा कमी. कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर चुकतोय, म्हणून कॉम्प्रेसर वेळेवर बंद होत नाही. तो साधारण दोन-चार अंशांना बंद व्हायला हवा. किंवा गॅस कमी. शेवटचं लोकांना पटत नाही, कमी गॅसने बर्फ कसा? आर-१३४ए गॅस गेजवर २८ पीएसआयच्या आसपास शून्य अंशाला उकळतो. गॅस कमी झाला की लो साइडचं, म्हणजे कॉइलकडच्या बाजूचं, प्रेशर त्याच्या खाली जातं, कॉइलचा काही भाग शून्याखाली उतरतो आणि त्यावरचं पाणी गोठतं. म्हणून हवेचा जोर मरत असेल तर नुसती नळी साफ करून थांबू नका, फिल्टर बदला आणि गेज लावून घ्या.

आता घरचं काम. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. कित्येक गाड्यांत नळीचं तोंड बोनेट उघडून, फायरवॉलच्या खालच्या भागात टॉर्च मारल्यावर दिसतं. काहींत खालूनच हात घालावा लागतो. खाली जायचं तर गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण नळी मोकळी झाली की पहिली पिचकारी थेट तोंडावर येते.

आधी नळीचं रबरी टोक नुसतं चिमटीत धरून पिळा, कुरवाळा. काही गाड्यांत टोकाला चपटी चीर असते, तीच चिकटून बसलेली असते. एवढ्यानेच पाणी सुटलं तर उत्तम. नाही सुटलं तर वेट व्हॅक्युम (पाणी ओढणारा व्हॅक्युम क्लीनर) असेल तो नळीला लावून खाली ओढा. घरगुती उपायांत मला हाच सगळ्यात सुरक्षित वाटतो, कारण गाळ आला त्याच दिशेने बाहेर जातो. तो नसेल तर गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घ्या, टोक लायटरवर धरून गोल करा आणि फिरवत-फिरवत आत सारा. पाच-सहा इंचांच्या पुढे जाऊ नका. सायकलची तार, छत्रीची काडी, स्क्रूड्रायव्हर यांतलं काही घालायचं नाही. वर कॉइल आहे, तिच्या ॲल्युमिनियमला भोक पडलं की जो खर्च टाळायला निघालात तोच दारात उभा.

एअर गनबद्दल माझं मत जरा कडक आहे. पंक्चरवाल्याकडच्या पूर्ण प्रेशरने खालून हवा मारली की गाळ वर उडून कॉइलच्या पत्र्यांत बसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे नळी आतल्या तोंडावरून निसटते. मग चोक गेला आणि कायमची गळती लागली. मारायचीच तर ३० पीएसआयच्या आत, छोटे-छोटे फुसके मारा आणि आत पायाशी जुना टॉवेल अंथरून ठेवा.

नळी सुटली की पाणी ओतून बघायचं. ब्लोअरच्या मुखात तांब्या उपडा करू नका, मोटर जळेल. फिल्टर किंवा ब्लोअरचा रेझिस्टर (वेग कमी-जास्त करणारा भाग) काढल्यावर कॉइलपर्यंत पोचणारी फट बहुतेक गाड्यांत मिळते. तिथून बारीक नळीने कॉइलवर कपभर पाणी सावकाश सोडा. जेवढं सोडलं तेवढं खाली यायला हवं, आणि धारेने. थेंबथेंब आलं तर गाळ अजून आहे. रबरी कोपऱ्याचं तोंड खाली वळलेलं आहे ना तेही बघा. ते फिरून फायरवॉलकडे गेलं असेल किंवा कोपरा गळून पडला असेल, तर पाणी पत्र्यावरून ओघळत भोकातून परत आत शिरतं. तसा कोपरा चार पैशांचा असतो आणि एवढ्याशा वस्तूपायी गाड्या गॅरेजच्या चकरा मारतात.

यातलं काहीच जमणार नसेल तर गॅरेजात जा, पण काम नेमकं सांगा: ‘रॅम्पवर घ्या, ड्रेनची नळी मोकळी करा आणि माझ्यासमोर पाणी ओतून दाखवा.’ हे काही शे रुपयांचं काम आहे. डॅशबोर्ड उतरवणं काही हजारांचं, शिवाय एकदा उतरलेला डॅशबोर्ड परत बसला की खडबडीत रस्त्यावर करकरतो, हे भोगलेल्यांना विचारा. जुन्या मारुती ८०० मध्ये ग्लोव्ह बॉक्स काढून कॉइलचा डबा बाहेर ओढता यायचा, आताच्या बहुतेक गाड्यांत ती सोय राहिलेली नाही. डॅशबोर्ड खरोखर उतरवावा लागतो तो डब्याला तडा गेला असेल, दोन भागांमधला फोम कुजला असेल, नळी आतून सुटली असेल आणि बाजूने हात पोचत नसेल, किंवा कॉइल इतकी माखलेली असेल की पाणी ट्रेमध्ये न पडता हवेबरोबर उडतंय, अशा वेळी. यातलं कुठलंही कारण दिलं तर ते डोळ्यांनी बघायला मागा.

नळी साफ झाली म्हणजे अर्धं काम झालं. कार्पेटखाली फेल्टचा किंवा फोमचा जाड थर असतो. वरून हात लावला तर कोरडं वाटतं, खाली मात्र आठवडा-पंधरा दिवस पाणी बसून राहतं. तिथेच पत्रा गंजतो आणि तिथूनच वास येतो. डाव्या कोपऱ्यात, पायाजवळच्या प्लास्टिकमागे, बऱ्याच गाड्यांत वायरिंगचे कपलर आणि अर्थिंगचे पॉइंट असतात. ते हिरवे पडले की कधी हॉर्न जातो, कधी सेंट्रल लॉक, आणि तेव्हा कोणाला एसीची आठवण येत नाही. म्हणून दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढा, कार्पेट उचला, खाली लाकडाचे ठोकळे सारा आणि टेबलफॅन लावून रात्रभर ठेवा. खूप भिजलं असेल तर सीट काढावी लागते. सीटखाली पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा बेल्टचा आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्याला हात लावू नका, आणि तो सुटा असताना चावी फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागेल आणि तो घालवायला स्कॅनर लागेल. वासासाठी अत्तराच्या बाटल्या टांगण्यात अर्थ नाही. फेल्ट वाळलं की वास निम्मा जातो. उरलेला कॉइलवरचा असतो, त्याला कॉइल क्लीनरचा फोम मारावा लागतो आणि तोही नळी मोकळी झाल्यावरच, नाहीतर फोमचं पाणीही पायातच येईल. पुढे वास धरू नये म्हणून घर पाच मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवावा, कॉइल वाळते.

राहिला शेवटचा प्रश्न, तोवर एसी लावायचा का. नुसतं पायात ठिबकत असेल तर चार-दोन दिवस चालवायला हरकत नाही. हवा आतल्या आत फिरवायच्या बटणावर ठेवा, म्हणजे बाहेरची दमट हवा येत नाही आणि पाणी बरंच कमी बनतं. काचा बंद ठेवा, ब्लोअर मध्यम वेगावर, मॅटखाली जाड टॉवेल, आणि तो रोज पिळून वाळवा. पण डॅशबोर्डमधून खळखळ येत असेल, जाळीतून तुषार उडत असतील किंवा ब्लोअर घुमल्यासारखा आवाज करत असेल, तर त्याच दिवसापासून एसी बंद. कित्येक गाड्यांत ब्लोअरची मोटर डब्याच्या खालच्या अंगाला असते, आणि ट्रेमधलं पाणी तिच्यापर्यंत पोचलं की आधी फ्यूज उडतो, मग मोटर जाते.